‘नेट गेले’ या वाक्याचा कर्ता

‘नेट गेले.’ दोन शब्दांचे हे वाक्य आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत, अध्यापकांच्या घरांत आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी जितके ऐकू येते तितके दुसरे क्वचितच येत असेल. पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही त्याचे व्याकरण सांगू शकेल : क्रियापद अकर्मक, प्रयोग कर्तरी, कर्ता ‘नेट’. म्हणजे नेट स्वतःच्या मर्जीने आले होते आणि स्वतःच्या मर्जीने निघून गेले. पाऊस गेला, लाइन गेली, तसेच नेट गेले. कोणी घालवले, कोठे अडले, का अडले, यांपैकी कशाचाही पत्ता या वाक्यात नाही. आणि तो नसतो म्हणूनच हे वाक्य इतके सोयीचे आहे. भाषा शिकवण्यावर ज्यांचा चरितार्थ चालतो त्या आम्ही मराठीच्या अध्यापकांनी हे वाक्य विनातक्रार स्वीकारले, ही आमच्या मते कर्तव्यच्युती आहे. हे आम्ही आधी स्वतःला उद्देशून म्हणत आहोत.

प्रसंग असा. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक; एकाच घरात राहतो आणि एकाच विषयावर भांडतो. २०२५ च्या पावसाळ्यात रस्ते बंद झाले म्हणून एम. ए. च्या अंतर्गत मूल्यमापनाची तोंडी परीक्षा आम्हाला घरून, ऑनलाइन घ्यावी लागली. मानोरा तालुक्यातल्या एका खेड्यातली विद्यार्थिनी उत्तर देऊ लागली आणि तिचा आवाज तुटू लागला. दोनदा विचारले, तिसऱ्यांदा आमचा संयम संपला. ‘तुझ्याकडे रेंज नसते हे ठाऊक होते, तर आदल्या दिवशीच तालुक्याला येऊन राहायचे होते,’ असे आम्ही तिला सुनावले आणि वहीत ‘असमाधानकारक’ असा शेरा मारला. ती एवढेच म्हणाली, ‘सर, मॅडम, मला बाकी सगळ्यांचे नीट ऐकू येत आहे. फक्त तुमचेच तुटते आहे.’ आम्ही ते बहाणा समजलो.

त्या एका वाक्यात सारे निदान होते. तिचा दुवा खराब असता तर तिला सर्वांचेच आवाज तुटक यायला हवे होते. एकट्या आमचाच तुटत असेल तर दोष आमच्या बाजूला. संहितेतला पुरावा डावलून स्वतःचा पूर्वग्रह तिच्यावर लादू नका, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. समोर जिवंत पुरावा आला तेव्हा मात्र आम्ही ‘खेडे’ एवढाच शब्द वाचला आणि निकाल देऊन मोकळे झालो.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एक जुनी हजेरीवही काढली आणि तिच्यात चार रकाने पाडले : वेळ, खोली, खोक्यावरचे दिवे, आणि त्या क्षणी घरात काय चालू होते. आठवडाभर नोंदी केल्या. यात तांत्रिक ज्ञानापेक्षा वाचनाची शिस्तच अधिक लागली, म्हणून ती पद्धत येथे सविस्तर सांगतो.

पहिला धडा संज्ञांचा. ‘वायफाय’ आणि ‘आंतरजाल’ हे समानार्थी शब्द नाहीत. रस्त्यावरच्या खांबावरून घरात येते ती काचेची बारीक तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर. ती भिंतीवरच्या खोक्यात संपते. त्या खोक्यापासून आपल्या संगणकापर्यंतचा काही पावलांचा बिनतारी टप्पा म्हणजे वायफाय. तार तुटली तर दोष बाहेरचा. हवेतला टप्पा तुटला तर दोष घरातला. दोन्ही वेळा पडद्यावर दिसते ते एकच, थिजलेले चित्र. दोन भिन्न कारणांचे एकच लक्षण असेल तर लक्षणावरून निकाल द्यायचा नसतो, हे आम्हा मंडळींना कोणी शिकवायला नको होते.

दुसरा धडा चाचणीचा. संगणक लॅनच्या केबलने थेट खोक्याला जोडला : तासभर एकही खंड नाही. तीच केबल काढून अभ्यासिकेत बसलो : दहा मिनिटांत चार वेळा अडखळले. मग संगणकाच्या ‘पिंग’ या आज्ञेचा उपयोग केला. हाक मारावी आणि ओ येते का पाहावे, इतकेच तिचे काम. बहुतेक घरगुती राउटरांचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. त्या पत्त्यावर हाक मारली, तर आमच्याच घरातल्या खोक्याची ओ तुटक येत होती. खोका ओ देतो आणि बाहेरचे जग देत नाही, असे झाले असते तर दोष बाहेरचा. येथे मात्र दहा पावलांवरचाच संवाद मोडलेला होता.

कारणे तीन निघाली. पहिले, जागा. तो खोका आम्ही दिसायला बरे नाही म्हणून टीव्हीच्या मागे दडवला होता. शेजारी लोखंडी कपाट, आणि अभ्यासिकेच्या वाटेवर जुनी जाड भिंत. धातू या लहरी परतवतो, जाड भिंत त्या गिळते. खोका दोन पट्ट्यांवर बोलतो : ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमणारा, २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा दूरवर पोहोचणारा, पण गर्दीचा, कारण शेजाऱ्यांचे खोके आणि मायक्रोवेव्हची भट्टीही त्याच आसपास गुणगुणतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या प्रत्यक्षात तीनच मानतात : १, ६ आणि ११. आमच्या गल्लीतले बहुतेक खोके ६ वर दाटीवाटीने बसले होते आणि आमचाही त्यांत होता. खोका घराच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवला, वाहिनी ११ केली, आणि अभ्यासिकेतली निम्मी दुखणी गेली.

दुसरे, वीज. लाइन गेली की इन्व्हर्टर भार उचलेपर्यंत क्षणभराचा खंड पडतो. दिव्याची ज्योत तेवढ्यापुरती लवते. खोका मात्र विझतो, आणि पुन्हा उठून बाहेरच्या जगाशी जुळायला दोन-तीन मिनिटे घेतो. पावसाळ्यात आमच्याकडे हे दिवसातून अनेकदा घडत होते आणि प्रत्येक वेळी आम्ही म्हणत होतो, ‘नेट गेले.’ खोक्याला लहानशी १२ व्होल्टची राखीव बॅटरी लावल्यावर ते ‘जाणे’ थांबले.

तिसरे कारण खरोखरच बाहेरचे होते. वहीत दोन संध्याकाळी ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल असल्याची नोंद होती. तारेतून येणारा प्रकाश खोक्यापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. त्या वेळी केबलनेही काही चालत नव्हते. याआधीच्या तीन तक्रारी सेवादात्या कंपनीने ‘आता सुरू आहे’ म्हणून बंद केल्या होत्या. या वेळी आम्ही तारखा, वेळा आणि दिव्यांची स्थिती लिहून दिली. तंत्रज्ञ आला, खांबावरची जोडपेटी उघडली. आत तार काटकोनात मुडपलेली होती. काचेची तार तीव्र वाकवली की तिच्यातला प्रकाश बाहेर गळतो. ती सरळ केली आणि प्रश्न मिटला. तीनदा फेटाळलेली तक्रार चौथ्यांदा मान्य झाली, कारण तिला पहिल्यांदाच कर्ता, काळ आणि स्थळ मिळाले होते.

आता भांडण. आमचे पहिले भांडण ‘बंद करून चालू करा’ या सार्वत्रिक औषधाशी आहे. त्याने कधी गुण येतो, हे खरे. पण त्याने पुरावाही पुसला जातो. दिव्यांची स्थिती न पाहता खोका बंद करणे म्हणजे नाडी न पाहता रोग्याला झोपवणे. तो उठला तर बरा झाला, नाही उठला तर पुन्हा झोपवा!

दुसरे भांडण आमच्याच बिरादरीशी आहे. ‘आम्ही साहित्याची माणसे, आम्हाला यातले काही कळत नाही,’ हे वाक्य आम्ही विनयाच्या सुरात उच्चारतो. प्रत्यक्षात तो कुलीनपणाचा तोरा असतो. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मराठी विश्वकोश जालावर आहे. राज्य मराठी विकास संस्थेने कित्येक दुर्मिळ ग्रंथ तेथे ठेवले आहेत. मोठ्या ग्रंथालयासाठी अमरावती गाठावी लागणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला ही तार म्हणजे ग्रंथालयाचा जिना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पुरे करण्यास मुभा देता येते. जिना मोडका असेल तर तो कोठे मोडला आहे हे न पाहणारा ग्रंथपाल आम्ही निरागस मानू काय?

तिसरे भांडण ‘मागास जिल्हा’ या सबबीशी आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासोबत. ती यादी लक्ष पुरवण्यासाठी होती. आपण मात्र तिचा उपयोग लक्ष काढून घेण्यासाठी करतो : ‘वाशीमला असेच चालायचे.’ आमच्या घरातल्या तीन दोषांपैकी एकही ‘वाशीम’ या नावाचा नव्हता. लोखंडी कपाट पुण्यातही लहरी अडवते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्हाला गंभीर वाटतो. घरोघरी लोकांनी खोके हलवत बसावे असे सांगणे म्हणजे शासन आणि कंपन्यांची जबाबदारी नागरिकांच्या गळ्यात मारणे नव्हे काय? खेड्यांचा प्रश्न खोक्याच्या जागेचा नाही, हे आम्हाला मान्य आहे. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले; तिचे मूळ उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्याचे. तेथून विद्यार्थिनीच्या घरापर्यंतचे अंतर बहुधा मोबाइलच्या मनोऱ्यावरच सोपवलेले असते. पण म्हणूनच निदान हवे. आपल्या घरातला दोष आपण वेगळा काढला नाही, तर बाहेरच्या दोषाला नेहमीच हे उत्तर मिळते की, ‘तुमच्या घरातच काही असेल.’ तक्रारीला तक्रार-क्रमांक मिळणे आणि निवारण न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाणे, ही सोय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनी दिली. तिचा उपयोग ज्याच्या हाती नोंदवही आहे त्यालाच होतो.

शब्दांचाच विचार करायचा तर एक शब्द पाहावा. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने केलेल्या व्याख्येत दोन अटी होत्या : जोडणी नेहमी चालू असणे आणि वेग सेकंदाला किमान २५६ किलोबिट असणे. पुढे २०१३ मध्ये तो आकडा ५१२ किलोबिट झाला, २०२३ मध्ये २ मेगाबिट. आकड्याची चर्चा सर्वत्र होते, जाहिराती आकड्यावरच चालतात. ‘नेहमी चालू’ या शब्दांविषयी आम्ही भाषेचे अध्यापकही गप्प. तोंडी परीक्षेला शंभर मेगाबिट लागत नाहीत, अखंडता लागते. वाक्य मध्येच तुटले तर त्याचा वेग किती होता, याला काय अर्थ?

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीपुत्र काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातल्या याच नगरात लावला आहे. त्या कथेचा अभिमान आम्ही प्रत्येक संमेलनात मिरवतो. पण मानोऱ्याच्या खेड्यातल्या मुलीचे शब्द आमच्यापर्यंत अर्थासह पोहोचत नसतील आणि त्याचे खापर आम्ही तिच्याच डोक्यावर फोडत असू, तर हा अभिमान पोकळ आहे.

त्या विद्यार्थिनीचे गुण अद्याप पुढे गेले नव्हते. आम्ही तिची क्षमा मागितली, तोंडी परीक्षा पुन्हा घेतली, या वेळी संगणक केबलने जोडून. तिने उत्तम उत्तरे दिली. बहुधा पहिल्या वेळीही दिली असतील. मात्र २०२०-२१ च्या टाळेबंदीच्या काळातले आमचे हजेरीपट कपाटात तसेच आहेत. ‘नेटअभावी अनुपस्थित’, ‘प्रतिसाद नाही’ अशा त्यांतल्या शेऱ्यांपैकी किती आमच्या टीव्हीमागच्या खोक्याचे होते, हे आता कळण्याचा मार्ग नाही. ते विद्यार्थी पुढे निघून गेले.

म्हणून सहव्यवसायींकडे मागणे एवढेच : ऑनलाइन वर्गात किंवा परीक्षेत कोणाच्याही नावापुढे प्रतिकूल शेरा मारण्यापूर्वी आपला संगणक केबलने जोडून पाहा, दिवे पाहा, आणि समोरच्याला विचारा की, बाकीच्यांचे नीट ऐकू येते का? त्याचे उत्तर खरे मानून पुढे चला. आम्ही त्या वहीतला जुना शेरा खोडला नाही. त्याखाली तारीख घालून लिहिले : ‘आमच्या घरची जोडणी तुटत होती.’ या वाक्यात निदान घर कोणाचे, हे तरी आहे.