निवडीआधी ओळख

दहावीचा निकाल लागला आहे. लातूर विभागीय मंडळाच्या तिन्ही जिल्ह्यांत, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिवमध्ये, याच दिवसांत घरोघरी पुढच्या शिक्षणाचा निर्णय होतो. बहुतेक घरांत तो एका वाक्यात आटोपतो : ‘सायन्सला टाकू, क्लास लावू, पुढचं पुढं बघू.’ हा निर्णय चुकीचाच असतो असे आमचे म्हणणे नाही. अनेकांच्या बाबतीत तो योग्य ठरतो. आमची काळजी वेगळी आहे. ज्या मुलामुलींबद्दल तो होतो, त्यांनी तोवर गुरुजी, डॉक्टर, पोलीस आणि आपल्या आईवडिलांचे काम यांपलीकडे कुठलेच काम जवळून पाहिलेले नसते. न पाहिलेल्या गोष्टींतून निवड करायची म्हणजे शेजारच्याने जे निवडले तेच निवडायचे, एवढेच हाती उरते. आणि ही स्थिती बदलणे आपल्या, म्हणजे आठवी ते दहावीला शिकवणाऱ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या हातात आहे.

मराठवाड्यातल्या शिक्षकाला मेहनत शिकवावी लागत नाही. ‘लातूर पॅटर्न’ची आज बाहेर जी ओळख आहे, ती गुणवत्ता यादी, क्लास आणि वसतिगृहे अशी आहे. पण तो पॅटर्न ज्यांनी उभा केला, त्यांच्या कामाकडे पाहा. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली लातुरात सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. या महाविद्यालयात, दयानंद महाविद्यालयात आणि त्यांच्यामागून इतरत्र जे घडले त्यात जादू नव्हती. जादा तास होते, सराव परीक्षांवर सराव परीक्षा होत्या, तपासलेली उत्तरपत्रिका मुलाला समोर बसवून समजावणे होते, मागे पडलेल्याला हाताला धरून पुढे आणणे होते. खेड्यातून आलेले, घरात पहिल्यांदाच कॉलेजात पाऊल टाकणारे मूल राज्याच्या यादीत येऊ शकते, हे या शिक्षकांनी सिद्ध केले. या वारशाचा आम्हांला अभिमान आहे. म्हणूनच त्यातली शिस्त आणि चिकाटी एकाच परीक्षेच्या दावणीला बांधली गेल्याचे पाहून वाईट वाटते.

आकडे सर्वांना ठाऊक आहेत, तरी पालकसभेत ते स्पष्ट शब्दांत सांगितले जात नाहीत. २०२५ मध्ये देशभरात २२ लाखांहून अधिक मुलांनी ‘नीट’ दिली. एमबीबीएसच्या सरकारी आणि खासगी मिळून जागा सुमारे सव्वा लाख. सरकारी जागा त्यांच्या जेमतेम निम्म्या, आणि खासगी महाविद्यालयाची फी अर्धा-एक एकराच्या कोरडवाहू शेतकऱ्याने ऐकायचीही नाही अशी. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर भागात खोली घेऊन राहिलेल्या हजारो मुलांपैकी किती जण त्या जागांपर्यंत पोचणार, याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. जे पोचत नाहीत त्यांतले बरेच जण रिपीट करतात, एकदा, दोनदा. विशीला आलेले हे मूल घरी परत येते तेव्हा त्याच्या हाती बारावीची गुणपत्रिका असते आणि मनात आपण कामाचे नाही ही समजूत. ही समजूत पुसणे फार अवघड जाते.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे त्यात होती. पुढे अभिक्षमता चाचणीही आली, आणि २०२० मध्ये महाकरिअर पोर्टल आले. हेतू चांगलाच होता. पण जळकोट किंवा किनवट तालुक्यातल्या मुलीने प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पॅकेजिंग, ललित कला हे शब्दच पहिल्यांदा चाचणीच्या पडद्यावर वाचले असतील, तर तिची आवड ती कशावरून सांगणार? कल मोजण्याआधी ओळख व्हावी लागते. ती पडद्यावर होत नाही. माणसाशेजारी उभे राहून, हात लावून, प्रश्न विचारून होते.

आपल्याकडे ही ओळख करून द्यायला जागा कमी आहेत, असा एक समज आहे. पुण्या-मुंबईच्या शाळांना कंपन्या जवळ, आपल्याला काय? हा समज खोडण्यासाठी लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांवरूनच नजर फिरवू.

लातूरची बाजार समिती घ्या. सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात तिथे एका सकाळी किती प्रकारची कामे चालू असतात! आडत्या, मुनीम, मापाडी, हमाल, खरेदीदार, वाहतूकदार, बँकेचा माणूस. ओलावा मोजण्याच्या यंत्रावरचा आकडा शेतकऱ्याचा भाव ठरवतो; हमीभावाच्या खरेदीत ही मर्यादा साधारणपणे १२ टक्के धरली जाते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. नववीच्या मुलाला शेकडेवारी शिकवायला याहून चांगले उदाहरण कुठे मिळेल? तिथून डाळ मिलमध्ये जा. चाळण्या, पॉलिश, डाळीचा रंग पाहून खडा बाजूला काढणारे यंत्र आणि ते यंत्र बिघडल्यावर ज्याची वाट पाहिली जाते तो तंत्रज्ञ. तो कुठून येतो आणि काय शिकून आला, हे मुलांनी त्यालाच विचारावे.

लातूरजवळ हरंगुळला रेल्वे कोच कारखाना उभा राहिला. ३१ मार्च २०१८ ला भूमिपूजन झाले, डिसेंबर २०२० मध्ये डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला आणि २०२३ मध्ये वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याचा करार रशियन भागीदारीतल्या कंपनीशी झाला. तिथे वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, गुणवत्ता तपासनीस लागतील. ही माणसे आपल्या तालुक्यांतून गेली नाहीत तर बाहेरून येतील. आपल्या किती नववीच्या वर्गांत हे नाव निघाले आहे?

नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतो, आणि त्याची खादी उदगीरला विणली जाते. लांबी-रुंदीचे प्रमाण ३ : २, चक्राचे आरे २४, आणि मापात ढिलाई चालत नाही. सूत, विणकाम, शिलाई, छपाई, तपासणी हे सगळे मुलांनी पाहिले, तर १५ ऑगस्टला वंदन करताना त्यामागचे हातही त्यांना दिसतील. उदगीरलाच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. देवणी आणि लाल कंधारी या नावाजलेल्या जनावरांच्या जाती याच दोन जिल्ह्यांतल्या. पशुवैद्यक पदवीचा प्रवेशही राज्यात नीटच्या गुणांवर होतो. तरी गोठ्यात वाढलेल्या अनेक मुलांना हा रस्ता एमबीबीएस हुकल्यावर कळतो, तोही दुय्यम म्हणून. विष्णुपुरीची श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था, लातूरचे पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन, अर्धापूरच्या केळीचा व्यापार, सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे उभे राहिलेले यात्रेकरूंच्या व्यवस्थेचे काम... ही यादी प्रत्येक तालुक्यातला शिक्षक आमच्यापेक्षा चांगली वाढवू शकेल.

आता हे करायचे कसे? दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. पूर्वतयारी, प्रश्नावली, नोंदी, अहवाल सगळे त्यात दिले आहे. अनेक शाळांत तो पाठ वर्गात बसून शिकवला जातो. तो बाहेर जाऊन शिकवला की काम सुरू झाले. फक्त एक पथ्य पाळावे : सहल आणि भेट यांची गल्लत होऊ देऊ नये. चाळीस मुले रांगेने कारखान्यातून फिरून आली तर त्यांना आवाज आणि यंत्रे तेवढी आठवतात. सात-आठ जणांचा गट एका माणसाजवळ अर्धा तास थांबला, तर एक आयुष्य समजते. तुम्ही हे काम कसे शिकलात? पहिल्या वर्षी किती मिळायचे, आता किती मिळते? कशाचा कंटाळा येतो? शरीराला काय त्रास होतो? पुन्हा संधी मिळाली तर हेच कराल का? हे प्रश्न मुलांना आधी पाठ असावेत आणि उत्तरे त्याच संध्याकाळी वहीत उतरावीत. काम करणाऱ्याने अडचणीही सांगाव्यात, हे त्याला आधीच कळवून ठेवावे. फक्त गोडवे ऐकवणारी भेट जाहिरातीसारखी होते, आणि तशी मार्गदर्शन शिबिरे आपल्याकडे उन्हाळ्यात पुष्कळ होतात.

यंत्राजवळची सुरक्षितता, पालकांचे संमतिपत्र, सोबत शिक्षिका या गोष्टींत तडजोड नको. मुले पाहायला आणि शिकायला जातात, राबायला नव्हे, हेही मालकाला स्पष्ट सांगितलेले बरे.

हातांनी करण्याबद्दल बोलायचे तर पाबळकडे पाहावे लागते. पुणे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. कंपनीतले संशोधन सोडून आलेला हा शास्त्रज्ञ खेड्यातल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, माती परीक्षण, अन्नप्रक्रिया शिकवू लागला. त्यातूनच ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा आठवड्यातून एक दिवस चालणारा शालेय विषय आकाराला आला आणि राज्याच्या अनेक शाळांत पोचला. त्यातली आम्हांला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मुलांनी गावातल्या खऱ्या गरजेसाठी खरी वस्तू किंवा सेवा करून द्यायची आणि तिचा हिशेब ठेवायचा. वर्गाच्या दाराची बिजागरी बसवताना मूल माप घेते, साहित्याचा अंदाज काढते, चुकते, पुन्हा करते आणि शेवटी दार लागते की नाही हे सगळ्यांना दिसते. तिथे गुणांवर वाद घालायला जागा उरत नाही. आज समग्र शिक्षा अभियानात काही शाळांना नववीपासून व्यवसाय विषय मिळाले आहेत. ज्यांना मिळाले त्यांनी ‘कच्च्या’ मुलांना तिकडे ढकलण्याची सवय सोडावी. वर्गातला पहिला आणि शेवटचा एकाच कामाच्या टेबलावर बसला पाहिजे. ज्यांना ते मिळाले नाहीत त्यांनीही महिन्यातले एक शनिवारचे सत्र यासाठी राखावे. गावातला गवंडी, सुतार, मोटार दुरुस्त करणारा बोलावला तर आनंदाने येतो, हा अनेक शाळांचा अनुभव आहे. त्याला शाळेत खुर्ची मिळाली, की त्याच्या पोराची मानही वर्गात ताठ होते.

नोकरीत टिकायला जी कौशल्ये लागतात, त्यांच्यासाठी वेगळा तास मागायची गरज नाही. मराठीच्या उपयोजित लेखनात पत्र आहेच. ते काल्पनिक मुख्याध्यापकांना लिहिण्याऐवजी डाळ मिलच्या मालकाला भेटीची परवानगी मागणारे पत्र लिहून घ्या, सर्वांत चांगले पत्र खरेच पाठवा आणि आलेले उत्तर वर्गात वाचून दाखवा. बीजगणितात अर्थनियोजनाचे प्रकरण आहे. त्याला गावातल्या दुकानाचे जीएसटीचे बिल जोडा. भेटीची वेळ ठरवण्यासाठी फोन करायचा तो मुलाने करावा, शिक्षकाने शेजारी उभे राहावे. आपले नाव, शाळा, कामाचे कारण तीन वाक्यांत सांगणे, समोरचा नाही म्हणाला तर आभार मानून फोन ठेवणे, हे पंधराव्या वर्षी जमले तर पुढे चाकणच्या किंवा हैदराबादच्या मुलाखतीत मूल गांगरणार नाही. न समजलेले विचारणे, चूक लपवण्याऐवजी सांगणे, दिलेल्या वेळेवर पोचणे या गोष्टी तर आपण रोजच्या वर्गात वागूनच शिकवतो, किंवा वागूनच मोडतो. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘खाली बस’ म्हणणारा वर्ग त्याला नोकरीसाठीही तयार करत नाही.

मुलींबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. दहावी झालेल्या मुलीसाठी पुढची वाट कोणालाच दिसत नसेल, तर लग्न हीच वाट ठरते. या घरांत मार्गदर्शकाचे भाषण पोचत नाही. बाईंचा शब्द पोचतो. शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षे, तिथून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांचा आयटीआय केला तर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला. हे मार्ग मुलीच्या वडिलांसमोर कागदावर काढून दाखवायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे आठवीतच द्यावीत. दहावीच्या निकालानंतर बोलणी बऱ्याच पुढे गेलेली असतात.

आपल्यापैकी अनेकांचे म्हणणे आम्हांला ऐकू येते आहे. रिक्त पदे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे, त्यात हे नवे. ही अडचण खरी आहे, आणि शिक्षकांवरचा हा भार कमी झाला पाहिजे असे या मासिकाने वेळोवेळी लिहिले आहे. तरीही वर्षभरात एका वर्गाला तीन भेटी आणि दोन पाहुणे एवढे जमणार नाही असे आम्हांला वाटत नाही. ज्या जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी पहाटेचे तास घेऊन पिढ्या घडवल्या, त्यांना पाच दुपारी काढता येतील.

तेव्हा शाळा सुरू होताच एक करावे. शाळेपासून पायी किंवा एका एसटीच्या अंतरावर चालणाऱ्या कामांची यादी नववीच्या मुलांकडूनच करून घ्यावी, त्यातली तीन ठिकाणे निवडावीत आणि पहिली भेट दिवाळीआधी घडवून आणावी. मुलांनी लिहिलेल्या नोंदी, त्यांच्या शब्दांत, शुद्धलेखनाची फार चिंता न करता आमच्याकडे पाठवा. मिळतील तितक्या नोंदी डिसेंबरच्या अंकात छापू.