हिरव्या भाजीचा हिरवा रंग

पालकाची भाजी हिरवीगार दिसावी म्हणून तुम्हीही पातेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकता का हो? भाजी दिसते छान, पण तो रंग आपल्याला महागात पडतो, बरं का!

पानाच्या पेशींत हिरवे दाणे असतात. त्यांना हरितलवके म्हणतात. इतके बारीक, की दोनशे दाणे ओळीने मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल! दाण्याला बाहेरून दुहेरी पापुद्रा, आत दाटसर द्रव आणि त्यात पोळ्यांची चवड रचावी तशा चकत्यांच्या चवडी. या चकत्यांत हरितद्रव्य असते. ते ऊन पकडते, त्या शक्तीने पाण्याचे विघटन होते आणि प्राणवायू बाहेर पडतो. मग भोवतीच्या द्रवात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार होते. झाडाची चूलच म्हणा ना! आपली चूल प्राणवायू खाते, ही देते, एवढाच काय तो फरक.

त्याच चकत्यांत हिरव्याआड लपलेले पिवळे कॅरोटिनही असते. त्यापासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. ते कमी पडले की मुलांना रातांधळेपणा येतो. म्हणून कोबीची बाहेरची हिरवी पाने कचऱ्यात टाकू नका. आतल्या पांढऱ्या पानांत कॅरोटिन अगदीच थोडे. आणि फोडणीला चमचाभर तेल असू द्या, त्याशिवाय ते नीट अंगी लागत नाही.

आता सोड्याचे. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियम असते. भाजी शिजताना पेशी फुटतात, पानातली आम्ले हरितद्रव्याला भिडतात, मॅग्नेशियम निसटते आणि रंग शेवाळी होतो. सोडा ही आम्ले मारतो, म्हणून रंग टिकतो; पण त्याबरोबर ‘क’ आणि ‘ब-१’ जीवनसत्त्वांचा नाश होतो. शिवाय भाजी गिळगिळीत होते ती वेगळीच.

त्यापेक्षा सुरुवातीची चार-पाच मिनिटे झाकण ठेवूच नका, वाफेबरोबर थोडी आम्ले उडून जातात. टोमॅटो किंवा चिंच भाजी उतरवताना घाला. भाजी आधी धुवा, मग चिरा. अळूच्या फदफद्याला मात्र हा नियम लावू नका! तिथे चिंच शिजतानाच हवी, नाहीतर घरभर घसे खाजत बसतील. फदफदे शेवाळी झाले तर होऊ द्या.