न दिसणारा धोका

पालघर जिल्ह्यात बोईसरच्या पश्चिमेस, अरबी समुद्राच्या काठी, तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. १९६९ साली येथे वीजनिर्मिती सुरू झाली आणि भारतात अणुविजेच्या युगाचा आरंभ झाला. ही शक्ती जितकी उपकारक, तितकीच जपून हाताळण्याची. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही. त्याला वास नाही, स्पर्शही नाही. म्हणून किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक जण अंगावर एक लहानसा बिल्ला बाळगतो. हा बिल्ला किरणांना अडवीत नाही. किती किरण अंगावर पडले याची तो केवळ नोंद ठेवतो. ठरावीक मुदतीनंतर तो तपासणीसाठी द्यावा लागतो. दडवून ठेवलेल्या बिल्ल्याचा उपयोग काय?

इंटरनेट हीसुद्धा अशीच एक शक्ती आहे. २०२० साली करोनाच्या साथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा मोबाईलच्या पडद्यावरून धडे घरोघरी पोचले. ज्या घरी मोबाईल नव्हता, तेथील मुले मागे राहिली. म्हणून मुलांच्या हातचा मोबाईल काढून घेतला की काम भागले, असे मानणे म्हणजे अपघाताच्या भीतीने वीज केंद्रालाच टाळे ठोकण्यासारखे होय.

येथील धोकाही दिसत नाही. खेळता खेळता कोणी अनोळखी माणूस स्वतःला समवयस्क म्हणवतो. आधी तो गोड बोलतो, मग शाळेचे नाव विचारतो, मग छायाचित्र मागतो आणि अखेरीस बजावतो, “घरी सांगू नकोस!” त्या क्षणी मुलाच्या मनाला जी टोचणी लागते, तोच त्याचा बिल्ला. ती नोंद वडीलधाऱ्यांपुढे ठेवलीच पाहिजे.

पण मुले गप्प राहतात. रागावतील, मोबाईल काढून घेतील, ही भीती त्यांना वाटते. आणि फसवणाऱ्याची सारी भिस्त या भीतीवरच असते. तेव्हा मुलाने बोलावे असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी न रागावता ऐकून घेण्याची सवय लावून घ्यावी. फसवणूक झाली तर दोष फसवणाऱ्याचा असतो, फसलेल्या मुलाचा नव्हे. अशा प्रसंगी आलेले संदेश पुसून टाकू नयेत; तेच पुढे पुरावा ठरतात. घरी बोलण्याचे धैर्य झाले नाही, तर शिक्षकांना सांगावे, अथवा १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. मुलांसाठी असलेली ही सेवा रात्रंदिवस चालू असते व तिला पैसे पडत नाहीत.

सावध मूलही कधी फसू शकते. परंतु जे मूल त्याच दिवशी येऊन सांगते, त्याचे संकट लहान असतानाच आवरता येते. ज्या घरात असे सांगणे सोपे असते, त्या घरातील मुले खऱ्या अर्थाने सुरक्षित असतात.