मायसेल्फ रोहेकर!

बॉस, खरं सांगा. ऑफिसात नवीन आलेल्या कुणी ‘मायसेल्फ अमुक तमुक’ अशी सुरुवात केली की तुमच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलतं की नाही? मग कॅन्टीनमध्ये त्याची नक्कल होते, दुपारपर्यंत ग्रुपवर स्टिकर फिरतं. आणि गंमत म्हणजे हसणाऱ्यांतले बरेच जण स्वतः मराठी मिडियमचे असतात. फरक एवढाच, की त्यांचं ‘मायसेल्फ’ कुणीतरी वेळेत, चारचौघांत न बोलता, दुरुस्त केलेलं असतं.

हे आठवायचं कारण म्हणजे माझी रोह्याची मामेबहीण. धाटावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. कामात एकदम पक्की. रिॲक्टर, बॅच, सॅम्पल, टायट्रेशन हे शब्द ती झोपेतही बरोबर वापरेल. आता नवी मुंबईतल्या एका कंपनीने तिला इंटरव्ह्यूला बोलावलंय. पगारात चांगला फरक पडणार आहे आणि घरात धाकट्याचं कॉलेज बाकी आहे. तिचा फोन आला, ‘‘ताई, पंधरा दिवस आहेत. मला ग्रामर अगदी पहिल्यापासून शिकव. मला इंग्लिश येतच नाही गं.’’

येतच नाही कसं? आपल्याकडे जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे ही मुलगी सलग दहा वर्षं इंग्रजीच्या तासाला बसलीय, वर बी.एस्सी.ची सगळी पुस्तकं इंग्रजीतून वाचलीयत. तिला शब्द येतात. अडतं ते शब्द जोडताना, आणि तेही मराठीमुळेच. पण खरी मदतही मराठीच करते, हे मात्र क्लासवाले सांगत नाहीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबांची पिढी इंग्रजी शिकली ती याच रस्त्याने. मराठी वाक्य शेजारी ठेवायचं आणि दोघांत फरक कुठे पडतो ते बघायचं. नंतर कपिलदेवचा फोटोवाला रॅपिडेक्स आला, मग ‘तीस दिवसांत फाडफाड’ छाप बोर्ड आले. असो.

आम्ही सुरुवात केली ‘मला’पासून. मराठीत बघा, मला भूक लागते, मला ताप येतो, मला दोन भाऊ असतात, मला पोहता येतं, मला घाई असते. सगळं माझ्याकडे चालत येतं. मी नुसती उभी! इंग्रजीत असं चालत नाही. तिथे प्रत्येक वेळी ‘आय’ला पुढे होऊन काहीतरी करावं लागतं. आय ॲम हंग्री. आय हॅव अ फीव्हर. आय हॅव टू ब्रदर्स. आय कॅन स्विम. म्हणून बहिणीला सांगितलं, मनात ‘मला’ आलं की तोंडातून ‘आय’ काढायचं आणि मगच पुढचा विचार करायचा. ‘मला इंग्लिश येतं’ याचं तिने लगेच करून दाखवलं, आय नो इंग्लिश. वाक्य बरोबर होतं. ते खरं आहे यावर मात्र तिचा विश्वास नव्हता, तो यायला आणखी चार दिवस लागले.

‘मायसेल्फ’चा निकालही इथेच लागतो. ‘आय ॲम’ म्हणा, नाव सांगा, संपलं. ‘मायसेल्फ’ म्हणजे ‘स्वतः’. ‘आय डिड इट मायसेल्फ’, मी स्वतः केलं, इथे त्याचं काम. ओळख करून देताना ‘स्वतः सुनीता’ असं आपण मराठीत तरी म्हणतो का?

आता ‘आहे’. मराठीतला हा एवढासा शब्द इंग्रजीत तीन ठिकाणी नोकरी करतो. ‘ती केमिस्ट आहे’ इथे इज. ‘तिच्याकडे स्कूटी आहे’ इथे हॅज. ‘रोह्यात नदी आहे’ इथे देअर इज. माणूस काय आहे, माणसाकडे काय आहे आणि जागेवर काय आहे, असे तीन प्रश्न स्वतःला विचारले की योग्य शब्द आपोआप सापडतो. बहिणीने कुंडलिका नदीपासून सुरुवात करून आख्खं रोहा ‘देअर इज’, ‘देअर आर’मध्ये बसवलं. देअर इज अ रिव्हर, देअर इज अ स्टेशन, देअर आर मेनी फॅक्टरीज.

शब्दांच्या क्रमासाठी मात्र पेणला जावं लागलं. तिथे आमच्या काकांचा गणपतीचा कारखाना आहे. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात घराघरांतून असे कारखाने आहेत आणि मूर्ती थेट परदेशात जातात. (इथे एक सावधानतेचा इशारा. ‘कारखाना’चं फॅक्टरी करू नका. परदेशातल्या गिऱ्हाइकाला चिमणी आणि भोंगा दिसायला लागेल. वर्कशॉप म्हणा.) तर ‘गणपतीने उंदराला पाहिलं’ हे वाक्य घ्या. ‘उंदराला गणपतीने पाहिलं’, ‘पाहिलं उंदराला गणपतीने’... कसंही फिरवा, पाहणारा गणपतीच राहतो. कारण ‘ने’ आणि ‘ला’ शब्दाला चिकटलेले आहेत, शब्द कुठेही गेला तरी त्याची ओळख त्याच्यासोबत जाते. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे ओळख शब्दाच्या जागेवरून ठरते. गणपती सॉ द माउस. जागा बदला, द माउस सॉ गणपती, की लगेच उंदीर बघायला लागला! म्हणून कर्ता पहिला, क्रियापद दुसरं, बाकी सगळे मागे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण वाक्य संपेपर्यंत विचार करू शकतो. इंग्रजीत दुसऱ्याच शब्दाला क्रियापद तयार लागतं. अडखळायला होतं ते या जागी, आणि त्यावर सवयीशिवाय उपाय नाही. मराठीच आधी तशी बोलून बघा. ‘मी राहते रोह्याला, मी करते काम लॅबमध्ये.’ जरा नाटकी वाटतं, पण दोन दिवसांत जीभ वळते.

कर्ता गाळायचाही नाही बरं का. आपण ‘जाते’ म्हटलं की बाई कळते. इंग्रजीत बोलणाऱ्याला ‘आय’ लागतंच. कुणीच नसलं तर ते शेतात बुजगावणं उभं करावं तसा एक ‘इट’ उभा करतात. पाऊस पडतोय, इट इज रेनिंग. उशीर झाला, इट इज लेट.

आता माझा सगळ्यात लाडका भाग. अ आणि ॲन! व्हॉवेल, कॉन्सोनंट वगैरे घोकून मुलं बेजार होतात आणि मग ‘अ आवर’, ‘ॲन युनिफॉर्म’ करून ठेवतात, कारण ती स्पेलिंगकडे बघतात. तुम्ही स्पेलिंगकडे बघूच नका. शब्द देवनागरीत लिहा! पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. आवर आ-पासून, ॲन आवर. ऑनेस्ट ऑ-पासून, ॲन ऑनेस्ट मॅन. युनिफॉर्म य-पासून, अ युनिफॉर्म. वन-वे तिकीट व-पासून, अ वन-वे तिकीट. आणि ऑफिसातली सगळी लघुरूपं यात चपखल बसतात. ॲन एचआर मॅनेजर, ॲन एमआयडीसी प्लॉट, ॲन एलआयसी एजंट, पण अ यूपीआय पेमेंट. बी.एस्सी. डिग्रीला अ, एम.एस्सी. डिग्रीला ॲन. इंग्रजी मिडियमच्या पोरांना जे कानावर सोडावं लागतं ते आपल्या बाराखडीत डोळ्यांना दिसतं. (फक्त ‘एम’ला ‘यम’ म्हणायचं नाही, नाहीतर नियमाचाही यम होतो.)

‘द’ कधी? गोष्ट आठवा. एका गावात एक राजा असतो, मग तो राजा शिकारीला जातो. पहिल्यांदा ‘एक’, ओळख झाल्यावर ‘तो’. तसंच हे. काकांनी ऑर्डर घेताना, यू ऑर्डर्ड अ मूर्ती, द मूर्ती इज रेडी. समोरच्याला कुठली ते माहीत आहे ना, मग द. मराठीत हे आपण बरेचदा न बोलता समजून घेतो, म्हणून ‘द’ गळतो. सुरुवातीला एखादा गळला तर आभाळ कोसळत नाही. ‘आय ॲम केमिस्ट’ समजतंच की सगळ्यांना. पण बायोडेटात तो एवढासा ‘अ’ घाला.

प्रश्न विचारताना आपल्या मदतीला ‘का’ असतो. तू पेणला राहतेस का? हा ‘का’ उचलून वाक्याच्या तोंडाशी आणा, त्याचं नाव ‘डू’. डू यू लिव्ह इन पेण? गोष्ट कालची असेल तर भूतकाळाचं ओझं एकट्या ‘डू’ने उचलायचं, तो ‘डिड’ होतो आणि मुख्य क्रियापद मोकळं. म्हणून डिड यू गो. ‘डिड यू वेंट’ म्हणजे एकच पोतं दोघांच्या डोक्यावर. ‘शी’ आणि ‘ही’सोबत येणाऱ्या ‘एस’चंही टेन्शन नको. मराठीत करतो, करते, करतेस, करतात, शिवाय साचा केला, मूर्ती केली, काम केलं, एवढं सगळं आपण सांभाळतो. तिकडे एकच बिचारा एस! कोकण रेल्वे स्टार्ट्स ॲट रोहा. हे वाक्य बहिणीने स्वतः बनवलं. रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेची सुरू होते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं.

‘ॲट’चं निघालंच आहे तर इन, ऑन, ॲट पटकन उरकू. वेळ सांगताना घड्याळाला ॲट, वाराला ऑन, महिन्याला नि वर्षाला इन. वाहनांची गंमत अशी, की ज्यात उभं राहून फिरता येतं त्याला ऑन. ऑन द ट्रेन, ऑन द बस. ज्यात अंग चोरून बसावं लागतं त्याला इन. इन अ रिक्षा, इन अ कार. दिवा-रोहा मेमूत संध्याकाळी उभं राहणं आणि फिरणं यात फारसा फरक नसतो, ती गोष्ट वेगळी.

इंटरव्ह्यूसाठी एक चूक मात्र आधी उखडून टाका. ‘मी दोन वर्षांपासून काम करतेय’ याचं आपण करतो, ‘आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स’. ‘पासून’ दिसला की आपण ‘सिन्स’ लावतो, तिथे घोळ होतो. किती काळ ते मोजून सांगायचं असेल तर फॉर. कॅलेंडरवर बोट ठेवून सुरुवात दाखवायची असेल तर सिन्स. आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स. आय हॅव बीन वर्किंग सिन्स जून. ‘हॅव बीन वर्किंग’ हे तीन शब्द सुटे समजून घेत बसू नका, फोन नंबरसारखे एका दमात पाठ करा. व्याकरण मागून येईल.

हे सगळं चालू असताना बहिणीने मधेच विचारलं, ‘‘ताई, इंग्लिश नाही म्हणून माणूस मोठा होत नाही का गं?’’ या प्रश्नाचं उत्तर तिच्याच परिसरात आहे, आणि ते सरळ नाही. विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ ला पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ ला, चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावी जन्मले आणि वाढले रोह्यात. देशमुख संस्कृतात पहिले येऊन केंब्रिजला गेले, १९१८ मध्ये आयसीएसला पहिले आले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तरी त्यांनी मेघदूत मराठीत आणलंच. विनोबा १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि मधेच सुरतेला उतरून काशीला गेले. पुढे आयुष्यभर एकेक भाषा शिकत राहिले, पण सर्टिफिकेटसाठी नाही. दोघांपैकी कुणालाही भाषेची लाज वाटली नव्हती. पण बहिणीला काशीला जायचं नाहीये, नवी मुंबईला जायचंय. म्हणून तिला ‘इंग्लिशशिवाय काही अडत नाही’ असं सांगायची माझी छाती झाली नाही. अडतं. दहा-बारा हजारांनी अडतं.

आणखी एक मुद्दा, जो तुमच्या-माझ्या टेबलावरही लागू आहे. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही यू. मग मान कुठे ठेवायचा? मराठीत आपण ‘जरा’ घालतो, ‘जरा फाइल देता का?’ इंग्रजीत हा ‘जरा’ ‘कुड यू’मध्ये असतो. ‘गिव्ह मी द फाइल’ व्याकरणात शंभर टक्के बरोबर आणि कानाला थप्पड. ‘डू वन थिंग’ हे आपल्या ‘एक काम कर’चं बाळ, बॉसला ते ऐकवू नये. आणि ‘हॉटेलमध्ये जेवलो’चं ‘रेस्टॉरंट’ करा, नाहीतर परदेशी माणूस विचारेल, रूम कशी होती?

आता आमचं रोज रात्री साडेनऊला दहा मिनिटं फोनवर चालतं. विषय एकच, तिचं त्या दिवशीचं काम. कुठलं सॅम्पल आलं, काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं. मी मधे टोकत नाही, चुका कागदावर लिहिते आणि शेवटी फक्त तीन सांगते. परवा ती सलग चार मिनिटं बोलली. त्यात ‘द’ दोनदा गळला, ‘सिन्स’ एकदा चुकला आणि ‘मायसेल्फ’ एकदा आलं. ‘आय रिपेअर्ड द पंप मायसेल्फ.’ तुमच्याही गावाकडे अशी एखादी बहीण नाहीतर भाचा असेलच. साडेनऊची वेळ आमची आहे, तुम्ही दहाची घ्या.