शेतावर शेगडी घेताय? आधी पत्रा बघा



हुरड्याचे दिवस जवळ आले की मोबाईलवर घडीच्या बार्बेक्यू शेगड्यांच्या जाहिराती सुरू होतात. कृषी पर्यटनवाले घेतायत, शहरातनं येणारी पोरंबी घेतायत. घ्या, माझी ना नाही. पण नांगराचा फाळ घेताना आपण जेवढी चौकशी करतो त्याच्या निम्मी तरी इथं करा. यावर भाजलेलं पोटात जाणार हाय.

सगळ्यात वाईट चाल म्हणजे भंगारातला लोखंडी ड्रम उभा कापून केलेली शेगडी. स्वस्त पडते, दिसायला झकास. पण त्या ड्रमात आधी काय होतं ते भंगारवाल्यालाबी माहीत नसतं. ऑईल, केमिकल, फवारणीचं औषध, काहीबी असू शकतं. आतून रंगासारखा लेप असतो, तो विस्तवावर जळतो आणि धूर सरळ मटणाला लागतो. औषधाच्या रिकाम्या डब्याचा पुन्हा वापर करू नका असं लेबलवरच छापलेलं असतं. ज्यात आपण जनावराला पाणी ठेवणार नाही, त्यात पाहुण्यासाठी कोंबडी भाजायची?

दुसरं, गॅल्व्हनाईज पत्रा. पत्र्यावर चकचकीत फुलं-फुलं नक्षी दिसली की समजा जस्ताचा मुलामा हाय. जस्त ४२० अंशाच्या आसपास वितळतं, आणि वारा लागलेला कोळसा त्याच्या वर सहज जातो. वेल्डिंगवाल्याला विचारा, असला पत्रा जोडल्यावर रात्री थंडी वाजून ताप का येतो. पाण्याच्या टाकीला, शेडला तो चांगला. विस्तवाला नको. जाळीबी तसलीच, कुंपणाची जाळी कापून शेगडीवर टाकू नका.

मग घ्यायचं काय? माझं मत, ऑनलाईनची सुटकेससारखी घडीची शेगडी वर्षातनं दोनदा लागणाऱ्यानं घ्यावी. तिचा पत्रा पातळ असतो, वाकतो, वारं आलं की उष्णता टिकत नाही. ज्याच्याकडं दर रविवारी माणसं येतात त्यानं गावातल्या वेल्डिंगवाल्याकडनं साध्या काळ्या लोखंडाची, किमान २ एमएम पत्र्याची बनवून घ्यावी. पाय गुडघ्याएवढे, ६ एमएम सळईची जाळी सुटी, खाली राखेचा ट्रे. आतनं रंग देऊ नका. पहिल्यांदा तासभर रिकामी पेटवा, तेलकटपणा जळू द्या, मगच भाजायला घ्या.

स्मोकरचं म्हणाल तर ती झाकणाची भट्टी. विस्तव एकीकडं, मटण दुसरीकडं, मंद आचेवर पाच-सहा तास धूर द्यायचा. पातळ पत्र्यात ते जमत नाही, झाकणातनं धूर गळतो आणि नुसता कोळसा खपतो. आपल्याकडं एवढा वेळ कुणाला हाय? पर्यटनवाल्यानं विचार करावा, बाकीच्यांनी पैसे ठिबकला घालावेत.

जळणात बाभळीचा कोळसा उत्तम. तुराट्या भसाभस जळतात, निखारा राहत नाही. पऱ्हाटीवर हंगामभर फवारे झालेले असतात, ती नको. रंग दिलेलं प्लायवूड नको. आणि कण्हेरीची काडी पनीर टोचायलासुद्धा वापरू नका, ती विषारी हाय.

हुरड्याला मात्र यातलं काहीच लागत नाही. गूळभेंडी असो नाहीतर राहुरीची फुले उत्तरा, कणीस गोवऱ्यांच्या आगटीतच भाजावं. गरम राखेत सगळीकडनं ऊब लागते, दाणा आतल्या ओलीवर शिजतो. जाळीवर ठेवलं की वरचं कूस करपतं आणि दाणा कडक होतो. पाहुणे फोटोसाठी जाळीवर मागतात, त्यांना दोन कणसं द्या ठेवून, पण खायला आगटीतलाच वाढा.

शेगडी मांडताना खालचं गवत खुरप्यानं काढा. कडब्याची गंजी आणि उसाचं पाचट वाऱ्याच्या दिशेला नको. उठताना निखाऱ्यावर पाणी ओतून हलवा, पुन्हा ओता, राखेखाली विस्तव रात्रभर जिवंत राहतो.

आणि तंबूवाल्यांनो, पाहुणे थंडी वाजते म्हणून शेगडी आत मागतील. द्यायची नाही, विझत आलेलीबी नाही. कोळशाच्या त्या वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतबी नाही. उत्तरेत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात येत राहतात. घोंगडी द्या, दोन जास्त द्या.

तुमच्याकडं २ एमएमची शेगडी वेल्डिंगवाला कितीला करून देतो, तेवढं खाली लिहा.