फी, मत आणि मैफल

मागल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा अमेरिकेहून फोन आला. आपल्याच शहरातल्या एका जुन्या घराण्यातली ही मुलगी. माझ्याकडे सात वर्षे गाणे शिकली आणि आता कॅलिफोर्नियातील एका सरकारी विद्यापीठात शिकते. ख्यालीखुशाली झाल्यावर म्हणाली, "सर, आमच्याकडे फी वाढवायची की नाही यावर विद्यार्थ्यांचे मतदान आहे. वाढीव पैसा खेळांसाठी आहे. मी काय मत देऊ?"

मला आधी नवल वाटले. आपल्याकडे फी ठरविताना विद्यार्थ्याला कोणी विचारीत नाही; ती वाढली की मग तो रस्त्यावर येतो. २०१९ साली दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात वसतिगृहाच्या फीवरून जे झाले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. फी देणाऱ्यालाच आधी विचारायचे, ही रीत मला तरी न्यायाची वाटली. परंतु थोडे खोलात गेल्यावर मन साशंक झाले. त्या शंकेचे मूळ माझ्या घरच्या इतिहासात आहे, म्हणून हा विषय येथे मांडतो.

प्रथम एक खुलासा. तेथेही शिकवणीची मुख्य फी विद्यार्थी ठरवीत नाहीत. ती विद्यापीठाचे नियामक मंडळ ठरविते. मतदान होते ते वरच्या फीवर: व्यायामशाळा, क्रीडासंघ, विद्यार्थ्यांची मंडळे इत्यादींसाठी. बहुमत झाले म्हणजे ती सर्वांनाच भरावी लागते. विरुद्ध मत दिलेल्यांनाही आणि मत न दिलेल्यांनाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात अशा नव्या फीचा किमान चौथा हिस्सा गरजू विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी ठेवतात, ही त्यातली चांगली तरतूद.

आता एक उदाहरण घेऊ. त्याच विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत आपले क्रीडासंघ देशातल्या सर्वांत वरच्या श्रेणीत न्यावेत, असा प्रस्ताव होता. त्यासाठी फी वाढविणे विद्यार्थ्यांनी २०१२ साली नाकारले. २०१६ साली तोच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा सुमारे सत्तर टक्के मते बाजूने पडली. वाढ होती टप्प्याटप्प्याने दर सत्राला १६० डॉलरपर्यंत, आणि वर्षाला सत्रे तीन. संघ वरच्या श्रेणीत उतरले ते २०२० साली. अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे मत देणारे बहुतेक तोवर बाहेर पडले होते, आणि २०२० साली पहिले पाऊल टाकणाऱ्याला कोणी विचारलेलेच नव्हते. घरात आजोबांनी कर्ज काढावे आणि नातवाने फेडावे, त्यातलाच हा प्रकार. तरीही येथवर मी मतदानाच्या बाजूचा आहे. ओझे किती घ्यायचे हे निदान काही ओझेकऱ्यांनी तरी ठरविले.

खरी अडचण पुढे आहे. किती गोळा करायचे हा एक प्रश्न. जमलेल्यातून कोणाला पोसायचे हा दुसरा. हा दुसरा प्रश्नही मतपेटीत टाकला तर?

विस्कॉन्सिन राज्याच्या विद्यापीठात, मॅडिसन येथे, हे घडले होते. १९९५-९६ साली तेथे प्रत्येक विद्यार्थी अशी वरची फी ३३१ डॉलर ५० सेंट भरीत असे. तिच्यातला मोठा भाग दवाखाना वगैरे सोयींवर जाई. सुमारे पाचवा हिस्सा विद्यार्थ्यांच्या मंडळांना मिळे. मंडळाने अर्ज करून पैसा मिळवावा ही एक वाट; सार्वमत घेऊन मिळवावा ही दुसरी. त्या साली लोकहिताच्या प्रश्नांवर चळवळ करणाऱ्या एका मंडळाला सार्वमताने ४५,००० डॉलर मिळाले. आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये सार्वमतानेच एका राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेचा पैसा बंद झाला. ज्या हाताने दिले त्याच हाताने काढून घेतले!

साउथवर्थ नावाचा कायद्याचा विद्यार्थी व त्याचे सोबती यांनी फिर्याद केली की, ज्यांची मते आम्हांला पटत नाहीत अशा मंडळांसाठी आमच्याकडून सक्तीने पैसा का घेता? खालच्या न्यायालयांत ते जिंकले. २२ मार्च २००० रोजी तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. फी सक्तीने घेता येईल, मात्र वाटप करताना मंडळाचे मत आवडते की नावडते हे पाहता कामा नये, असा त्याचा आशय. सार्वमताच्या वाटेबद्दल मात्र न्यायालयाने गंभीर शंका घेतली. अल्पसंख्यांच्या विचारालाही बहुसंख्यांइतकाच मान मिळावा हाच नियमाचा हेतू. तेथे बहुमताचाच कौल मानला तर नियम उरतो कोठे? म्हणून तेवढा भाग फेरविचारासाठी खालच्या न्यायालयाकडे गेला.

हे वाचताना मला वडील आठवले. ते तरुणपणी येथील संस्थानच्या कलावंत कारखान्यात बीन वाजवीत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार मी पाहिला नाही, ऐकला तो त्यांच्या तोंडून. त्या चाकरीत मान होता, तशी ताबेदारीही होती. ती गोड करून सांगण्याचे कारण नाही. परंतु ते म्हणत, "कारखान्याच्या यादीत बिनेची जागा होती. ऐकायला दोघे आले काय आणि दोनशे आले काय, पहिल्या तारखेचे वेतन चुकत नसे." १९४९ साली संस्थान विलीन झाले. पुढे एका साहेबाने त्यांना विचारले, "तुमच्या वाद्याला श्रोते किती?" वडिलांनी खरा आकडा सांगितला. बिनेचे काम तेथेच संपले. पुढे ते शाळेत मुलांना प्रार्थना शिकवीत.

आपण जुन्या शहरांतली माणसे राजाश्रयाच्या आठवणीने उसासे टाकतो. मला तसे म्हणावयाचे नाही. एकाच्या लहरीवर जगणे वाईट, तसेच हजारांच्या लहरीवर जगणेही वाईट. बिनेला तगविले ते राजाच्या आवडीने नव्हे, यादीतल्या त्या ओळीने. लोकशाहीत ती ओळ लिहिण्याचे काम आता नियमाने करावयाचे आहे. आणि गोष्ट केवळ संगीताची नाही. परप्रांतात चार पिढ्या राहून ज्यांनी आपली भाषा, आपली ग्रंथालये, आपला गणेशोत्सव चालविला, त्यांना थोडे असणे म्हणजे काय हे सांगायला नको. गावभर मत घेऊन आपले वाचनालय चालले असते का, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले की, फीची रक्कम किती असावी यावर बेलाशक मत दे. ती किती वर्षे चालणार आणि गरजूंसाठी किती ठेवणार हे आधी वाचून घे. मात्र कोणते मंडळ जगावे हे मतपेटीत जाऊ देऊ नका. तिच्या विद्यापीठात भारतीय संगीताचे नऊ मुलामुलींचे एक मंडळ आहे. दोन तानपुरे आणि एक तबल्याची जोडी एवढीच त्यांची मालमत्ता. त्यांचे अनुदान कोणत्या नियमाने ठरते, असे मी विचारले. तिला ते ठाऊक नव्हते.

तिने मत कोणते दिले ते मी विचारले नाही. मत गुप्त असते. पण परवा तिने कळविले की, अनुदान वाटणाऱ्या विद्यार्थी समितीच्या बैठकीला ती जाऊन आली आणि नियमांची प्रत मागून घेतली.