सैनिकाचा पगार आणि आपला हिशोब

घरातलं मूल हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आलं की डायनिंग टेबलवर कॉलेजच्या खर्चाचे कागद पसरतात. त्यातच एखाद्या दिवशी लष्कराच्या रिक्रूटरचं रंगीत माहितीपत्रक येतं. आपल्या बहुतेक घरांत ते न वाचताच केराच्या टोपलीत जातं. पण अमेरिकन सैनिकाला मिळतं काय आणि ते पुरेसं आहे का, हे आपण एकदा बघायला हवं. कर तर आपणही भरतोच!

जमेची बाजू भक्कम दिसते. राहायला जागा किंवा घरभाडं, औषधपाणी, वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा. २००९ साली लागू झालेल्या जी. आय. बिलानुसार, पुरेशी नोकरी झाली की सरकारी विद्यापीठाची ३६ महिन्यांची ट्यूशन सरकार भरतं. काही अटी पाळल्या तर हा हक्क मुलांच्या नावावरही करता येतो.

आता दुसरी बाजू. नव्या शिपायाचा मूळ पगार २०२४ साली महिन्याला जेमतेम २,००० डॉलर होता. खालच्या हुद्द्यांना २०२५ साली एकूण साडेचौदा टक्के वाढ मिळाली, तेव्हा कुठे तो सुधारला. पेन्शनचं म्हणाल तर जुन्या पद्धतीत २० वर्षं पुरी केली की निम्मा मूळ पगार जन्मभर, आणि मध्येच नोकरी सोडली तर हात हलवत घरी. पाचातला जेमतेम एक जण तिथवर पोचायचा! २०१८ पासून भरती झालेल्यांची पेन्शन ४० टक्क्यांवर आली, पण ४०१-के सारख्या खात्यात सरकारही भर घालू लागलं. लवकर बाहेर पडणाऱ्यालाही त्यामुळे काहीतरी मिळतं.

आपण दोन आठवड्यांची नोटीस देऊन नोकरी बदलतो. सैनिकाला ती सोय नाही. पहिल्या करारातच, राखीव काळ धरून, एकूण आठ वर्षांची बांधिलकी असते. शिवाय सुप्रीम कोर्टाच्या १९५० च्या फेरेस निकालामुळे, सेवेच्या ओघात इजा झाली तर त्याला सरकारवर दावाही लावता येत नाही. काँग्रेस देईल तीच भरपाई, आणि देईल तेव्हा! सैनिक गेला तर कुटुंबाला मिळणारी तातडीची मदत २००५ च्या आधी १२,००० डॉलरच्या आसपास होती. ती एक लाख झाली तेव्हा इराकचं युद्ध सुरू होऊन दोन वर्षं लोटली होती. इराक-अफगाणिस्तानात जळत्या कचऱ्याचा धूर छातीत घेतलेल्यांसाठीचा मोठा कायदा तर २०२२ साली आला.

आमचं मत विचाराल, तर महिन्याचा पगार आता बऱ्यापैकी आहे. अन्याय आहे तो उशिरा मिळणाऱ्या देण्यात. तेव्हा मुलगा किंवा मुलगी 'मी जाते' म्हणाली, तर रागावण्याआधी करार सोबत बसून वाचा. रिक्रूटरने तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन कागदावर आहे ना, ते बघा. आणि आपल्या घरातलं कुणी जाणार नसेल, तरी दुसऱ्याची मुलं जातातच. त्यांचं देणं वेळेवर द्या, हे आपल्या काँग्रेसमनला पत्राने कळवायला एक स्टँप पुरतो.